तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे

आमच्या घरात आजोबांच्या किराणा दुकानाची एक रोजकीर्द अजून जपून ठेवलेली आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट. मार्च १९५७ अखेरपर्यंत तिच्यात रकमा जुन्या पद्धतीनं मांडल्या आहेत: आधी रुपयांचा आकडा, त्यापुढे उभ्या रेघा, मग आडव्या. एक उभी रेघ म्हणजे चार आणे, एक आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीन रुपये चौदा आणे लिहायचे तर तीनचा आकडा, तीन उभ्या रेघा आणि दोन आडव्या. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून त्याच हस्ताक्षरात शेजारी दुसरी रक्कम येऊ लागते: ३.८७. एका पानावर तिचे ३.८८ केलेत, मग तेही खोडून पुन्हा ३.८७.

ही खाडाखोड मी लहानपणी पाहिली तेव्हा आजोबांची बेरीज चुकली असेल असं वाटलं होतं. बेरीज बरोबर होती. त्या आठवड्यात देशातला प्रत्येक दुकानदार, प्रत्येक कंडक्टर, पोस्टातला प्रत्येक कारकून याच एका पैशापाशी अडत होता. सोळा आण्यांच्या रुपयाचे आता शंभर नवे पैसे झाले होते, आणि चौदा आण्यांचे नवे पैसे साडेसत्त्याऐंशी होतात. आता तो अर्धा पैसा कुणाचा?

भारतानं नाणी, वजनं आणि मापं बदलली ती साधारण १९५७ ते १९६२ या पाच-सहा वर्षांत. इतका मोठा बदल, तोही बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नसताना, आणि तो टिकला. कसा टिकला ते नीट समजून घ्यावं असं मला फार दिवस वाटत होतं.

आपण ब्रिटिशांची मापं सोडली आणि मेट्रिक घेतली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मैल, फूट, पौंड, गॅलन, एकर ही मापं होतीच, पण ती रेल्वेत, बांधकाम खात्यात, गिरण्यांत आणि कचेऱ्यांत. बाजारात राज्य होतं तोळा, छटाक, शेर आणि मणाचं. पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. १९३९ साली एक कायदा झाला आणि तोळा १८० ग्रेनचा ठरला. ग्रेन हे इंग्रजी वजन. म्हणजे आपला म्हणून ज्याला आपण कुरवाळत होतो तो तोळाही तोवर इंग्रजी खुंटीला बांधलेला होता. आजच्या हिशेबात तो तोळा ११.६६४ ग्रॅम, शेर ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो.

कागदावर इतकं सगळं नीट होतं. गावात नव्हतं. पन्नासच्या दशकात सरकारनं नमुना पाहणी केली तेव्हा प्रमाण मण ३,२०० तोळ्यांचा असताना प्रत्यक्षात २८० तोळ्यांपासून ८,३२० तोळ्यांपर्यंतचे मण चालू असल्याचं दिसलं. सगळ्यांचं नाव एकच, मण. पलीकडच्या तालुक्यात धान्य घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला तिथला मण केवढा हे कुणीतरी सांगितलं तरच कळायचं, आणि सांगणारा बहुतेक वेळा तोच असायचा जो ते धान्य विकत घेणार होता.

त्यातही धान्य सगळीकडे वजनावर जात नसे, ते मापानं जायचं. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भांडी. पायली कोकणात एक, देशावर दुसरी. शिवाय भांडं भरायचं कसं, हा वेगळाच प्रश्न. काठाच्या वर धान्याचा जो सुळका राहतो ती शीग. ‘शिगोशीग भरलेलं’ हा शब्द आपण आज सुखासमाधानाबद्दल वापरतो, पण तो आलाय मापावरून. घेताना शीग लावून घ्यायचं आणि देताना हात फिरवून काठोकाठ द्यायचं, एवढ्यानंही खळ्यावर बरंच धान्य इकडचं तिकडे होत असे. भांडं तेच, साक्षीदार तेच, तरी माप वेगळं. नव्या पद्धतीत किलोइतकंच महत्त्वाचं होतं ते हे की धान्य भांड्यातून निघून काट्यावर आलं. शेराची शीग करता येते, किलोची येत नाही.

आता जुन्या पद्धतीची बाजू, कारण ती अडाणी होती असं मी म्हणणार नाही. सोळा हा आकडा कुणी उगाच धरलेला नाही. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तराजूच्या दोन पारड्यांत गूळ सारखा वाटत गेलं की एकही वजन न वापरता शेरातून छटाक काढता येते. दहाचे निम्मे पाच आणि तिथं गाडी अडते. शिवाय शेरात सोळा छटाका आणि रुपयात सोळा आणे, त्यामुळे शेराला जितके रुपये, छटाकेला तितकेच आणे. मणाचा भाव अडीच रुपये असेल तर शेराला बरोबर एक आणा. आजोबांसारखी माणसं हे हिशेब श्वास घ्यावा तशी करायची.

आणि त्यासाठीच शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. बे औटे सात, तीन औटे साडेदहा. ‘आमच्या वेळी औटकी पाठ होती’ असं म्हातारी माणसं अभिमानानं सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे. पण औटकी लागायची कशाला? तर साडेतीन आणे शेर भावानं सात शेर घेतले तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, हे तिथल्या तिथं सांगता यावं म्हणून. आता दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचा विचार करा. तिनं तीन शेर पाच छटाक डाळ घेतली, भाव सात आणे शेर. तीन साते एकवीस आणे. राहिल्या पाच छटाका, म्हणजे पाच सोळांश शेर. त्याचे पस्तीस सोळांश आणे, म्हणजे दोन आणे सव्वादोन पै (आण्याच्या बारा पै). एकूण एक रुपया सात आणे सव्वादोन पै. हे तिनं तपासायचं कसं? तिला औटकी येत नाही, गल्ल्यावर बसलेल्याला येते. तो प्रामाणिक असेल तर ठीक.

मला या सगळ्या बदलाचं मर्म इथं दिसतं. सोयीचा, विज्ञानाचा, निर्यातीचा मुद्दा खरा आहेच. पण हिशेब ज्याला पाठ त्याच्या हाती असलेली सत्ता कमी झाली, ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. तीन किलो तीनशे ग्रॅम, भाव पंचेचाळीस पैसे: ३.३ गुणिले ४५, एकशे साडेअठ्ठेचाळीस पैसे. चौथीतलं पोर पाटीवर करून दाखवील. एकक, दशक, शतक समजणाऱ्याला इथं दुसरं काही शिकावं लागत नाही. वजन, लांबी, पैसे, तिन्हींचा पाढा एकच आहे, दहाचा.

ही दहाची कल्पना मेट्रिकच्या मुळाशी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी ती बांधली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, आणि एक लिटर पाण्याचं वजन म्हणजे किलो. लांबीतून आकारमान आणि आकारमानातून वजन, अशी एकाच धाग्यात ओवलेली मापं. पाण्याची टाकी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असेल तर त्यात हजार लिटर, आणि त्या पाण्याचं वजन हजार किलो. हेच गणित फूट, गॅलन आणि पौंडांत करून बघा, म्हणजे फरक कळेल.

पहिला प्रयत्न, १८७१

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच सुरू झाली असं नाही. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७१ साली, हिंदुस्थानासाठी वजनमापांचा एक कायदा झाला होता. त्यात शेर बरोबर एक किलोचा धरला होता. नाव शेरच राहणार होतं, वजन किलोचं होणार होतं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पोर्ट ब्लेअरला मेयोचा खून झाला आणि त्याच्यानंतर आलेल्यांनी तो कायदा अमलात आणला नाही.

पण त्या बेताची एक खूण जमिनीवर उरली, आणि ती शंभराहून जास्त वर्षं धावली. आता मेट्रिक येणारच, असं धरून त्याच सुमाराला रेल्वेच्या दुसऱ्या रुंदीसाठी थेट एक मीटर ठरवला गेला. तीच मीटरगेज. मुंबई-ठाणे मार्गाची ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, म्हणून ती आज १,६७६ मिलिमीटर असा वेडावाकडा आकडा दाखवते. मीटरगेज मात्र सरळ १,०००. कायदा कपाटात राहिला आणि रूळ अंथरले गेले.

पुढची पंचाहत्तर वर्षं चर्चा, समित्या, अर्ज यांत गेली. १९४६ साली दशमान नाण्यांचं विधेयक आलं, तेही पार पडलं नाही. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालक डॉ. लाल सी. वर्मन यांनी मेट्रिकचा विषय लावून धरला. नेहरूंचा या बदलाला मनापासून पाठिंबा होता. १९५५ साली नाण्यांचा कायदा दुरुस्त झाला, डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा आला. मोठे कारखाने उभे राहण्याआधीच हे उरकायला हवं, हा त्यामागचा विचार होता. यंत्रं एकदा इंचांत बसली की मग ती मिलिमीटरमध्ये आणायला किती खर्च येतो, हे इंग्लंड-अमेरिकेकडे पाहून कळत होतं. अमेरिकेनं १९७५ साली कायदा केला पण सक्ती केली नाही, आणि तिथं आजही मैल आणि पौंडच चालतात.

आधी पैसा, मग वजन

क्रम फार विचारपूर्वक ठरवला होता. आधी नाणी बदलायची, वजनं नंतर. कारण किलो आला आणि आणे तसेच राहिले तर हिशेब सोपा होण्याऐवजी आणखी अवघड होतो: ३.३ किलो गुणिले सात आणे दोन पै. पैसे शंभरावर आले, लोकांना दशांशाची सवय झाली की मग किलो सोपा पडेल, असा तो हिशेब.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात चौसष्ट जुने पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. रुपयाला मात्र हात लावला नाही, आणि हे मोठं शहाणपण होतं. कुणाचाही पगार, कर्ज, बचत बदलली नाही. रुपयाचा निम्मा आणि पाव भागही सुरक्षित राहिला: अधेली म्हणजे आठ आणे, तिचे बरोबर पन्नास पैसे, पावली म्हणजे चार आणे, तिचे बरोबर पंचवीस. म्हणूनच पुढे कितीतरी वर्षं लोक पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नासला आठ आणेच म्हणत राहिले. अगदी २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं तेव्हाही ‘चार आणे बंद झाले’ असंच ऐकू आलं.

अडचण होती ती मधल्या आण्यांची. शंभराला सोळानं भाग जात नाही. एक आणा सव्वासहा पैशांचा. म्हणून कायद्यानं नियम घातला: अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा. एक आणा सव्वासहा, म्हणून सहा. दोन आणे साडेबारा, म्हणून बारा. तीन आणे पावणेएकोणीस, म्हणून एकोणीस. सहा आणे साडेसदतीस, म्हणून सदतीस. चौदा आणे साडेसत्त्याऐंशी, म्हणून सत्त्याऐंशी. रोजकीर्दीत आजोबांनी शेवटी कायम केलेला आकडा नियमाला धरूनच होता.

यातून रोजची भांडणं कशी व्हायची ते बघा. एक आण्याची काडेपेटी तीन वेगवेगळ्या वेळी घेतली तर सहा सहा पैसे, म्हणजे अठरा. तिन्ही एकदम घेतल्या तर तीन आणे, एकोणीस. गिऱ्हाईक म्हणणार मला वेगवेगळ्या द्या. दुकानदार म्हणणार सगळ्यांची मिळून बेरीज करतो. दोघंही खोटे नाहीत. एका पैशाचा हा प्रश्न आज कुणाला क्षुल्लक वाटेल, पण तेव्हा एका पैशाला बाजारात किंमत होती, आणि गरिबाची खरेदीच आण्या-दोन आण्यांची असल्यामुळे हे अपूर्णांक सोडणं-धरणं सगळ्यांत जास्त वेळा त्याच्याच वाट्याला यायचं.

नाण्यांनी मात्र आपलं काम चोख केलं. एक नव्या पैशाचं नाणं छोटं, काशाचं, गोल. दोनचं आणि दहाचं कंगोरेदार कडांचं, पाचचं चौकोनी. अंधारातही बोटांना कळावं असं. आणि प्रत्येकावर ते रुपयाचा कितवा भाग आहे ते कोरलेलं: एकावर ‘रुपये का सौवाँ भाग’, दहावर ‘रुपये का दसवाँ भाग’. खिशातलं नाणं स्वतःच गणित शिकवत होतं. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून ‘नवा’ हा शब्द जोडला होता. जून १९६४ पासून तो काढला. तोवर जुना पैसा विसरला गेला होता.

किलोचं वजन

मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि निवडक उद्योगांत सुरू झाली. एकदम सगळीकडे नाही. जुनी आणि नवी काही काळ शेजारी शेजारी चालली, मग एकेका भागात जुनी बंद, आणि एप्रिल १९६२ पासून देशभर किलोची सक्ती. आपल्याकडे मुंबई राज्याचा अंमलबजावणीचा कायदा १९५८ चा. हे सगळं चालू असतानाच, १ मे १९६० ला, महाराष्ट्र जन्माला आला. आमच्या तालुक्याच्या गावात राज्य आणि किलो दोन्ही नवे होते.

शेरापेक्षा किलो थोडा मोठा, साधारण सात टक्क्यांनी. समजा साखर बारा आणे शेर, म्हणजे पंचाहत्तर पैसे. किलोचा योग्य भाव झाला ऐंशी पैसे. पूर्वी पावशेर साखरेला तीन आणे, म्हणजे एकोणीस पैसे पडायचे. आता पाव किलोला वीस. पैसा एक जास्त, पण साखर २३३ ग्रॅमऐवजी २५०. हिशेब चोख आहे. पण हे न कळणाऱ्याला वाटायचं की भाव वाढला, आणि हे चांगलं कळणाऱ्या एखाद्या दुकानदाराला वाटायचं की आता किलोला नव्वद लावले तरी कोण विचारतंय! म्हणून सरकारनं रूपांतराचे तक्ते छापले, दुकानांत लावायला सांगितले. तक्ता भिंतीवर असला की निदान वाचू शकणारं कुणीतरी बोट ठेवून विचारू शकत होतं.

वजनांच्या संचात एक गंमत आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपण आजही मागतो पाव किलो, अर्धा किलो, पण दुकानात अडीचशे ग्रॅमचं एकसंध वजन नसतं. लोखंडी वजनं पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅम आणि पुढे एक, दोन, पाच, दहा किलो अशी असतात. दहाची पद्धत एक-दोन-पाच या पायऱ्यांनी चालते, निम्मा-पाव या पायऱ्यांनी नाही. म्हणून पाव किलो मागितलं की दुकानदार दोनशेवर पन्नास ठेवतो. आपली जीभ अजून सोळाच्या हिशेबानं मागते आणि पारडं दहाच्या हिशेबानं देतं. भाजीवाल्या मावशी अजूनही ‘पावशेर देऊ का?’ म्हणतात आणि अडीचशे ग्रॅम घालतात. शब्द जुना, माप नवं. मेयोच्या कायद्याला हेच हवं होतं, आणि ते लोकांनी आपणहून करून टाकलं.

त्या लोखंडी वजनाला उलटं करून पाहा. खाली एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं, आणि त्या शिशावर ठसा. वजन तपासून कमी भरलं तर शिसं घालून ते बरोबर करतात आणि निरीक्षक त्यावर शिक्का मारतो. हा शिक्का ठराविक मुदतीनं पुन्हा मारून घ्यावा लागतो, कारण लोखंड झिजतं. आजोबांचं जुनं शेराचं एक वजन आमच्याकडे आहे. मी ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिलं. ९३३ ऐवजी ९२९ ग्रॅम भरलं. चार ग्रॅम वर्षानुवर्षांच्या हाताळणीत गेले. आजोबा कुणाला फसवणारे नव्हते, गावात त्यांचं नाव होतं. पण ते वजन वापरात असताना शेवटची पंधरा-वीस वर्षं कुणी तपासलेलंच नसावं, आणि शेरामागे ते चार ग्रॅम गिऱ्हाइकाला कमी जात राहिले असणार. मेट्रिकबरोबर तपासणीची ही शिस्त पक्की झाली, तिची किंमत मी किलोइतकीच मानतो.

या शिक्क्यामागे एक साखळी आहे. दुकानदाराचं वजन निरीक्षकाच्या वजनाशी पडताळतात, ते त्याहून बारीक वजनाशी, आणि असं वर जात जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. तिथं भारताचा प्रमाण किलो आहे, प्लॅटिनम-इरिडियमचा, क्रमांक ५७. ही प्रमाण वजनं बनवण्याचं काम मुंबईच्या फोर्टमधली टांकसाळ करत आली आहे. जिथं नाणी पडतात तिथंच. २० मे २०१९ पासून जगानं किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर नेली. आपल्या डाळीच्या वजनात त्यानं काही फरक पडला नाही.

जिथं कायदा पोचूनही माप उरलं

कापडात वार गेला आणि मीटर आला, पण नऊवारी नऊवारीच राहिली. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, सहावारी ५.४९, म्हणून पाकिटावर साडेपाच मीटर लिहिलेलं असतं. हे निरुपद्रवी आहे. काही ठिकाणी मात्र जुनं नाव डोळसपणे वाचावं लागतं.

सोनं घ्या. महाराष्ट्रात सराफाकडे आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. फरक जवळजवळ सतरा टक्क्यांचा. आजीच्या पाटल्यांची जुनी चिठ्ठी सापडली, ‘पाच तोळे तीन मासे चार गुंजा’, तर बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा धरून ते ६१.७२ ग्रॅम होतात. आजच्या बोलीत ते सहा तोळ्यांच्या वर जातं. आमच्याच नात्यात वाटणीच्या वेळी चिठ्ठीतले पाच तोळे आणि काट्यावरचे सहा तोळे जुळेनात, म्हणून दोन बहिणींत वर्षभर अबोला होता. चूक कुणाचीच नव्हती. एकाच नावाचे दोन तोळे होते.

जमिनीत गुंठा आहे. इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत, आणि तिचेही सोळा आणे पाडलेले होते. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. हा योगायोग फार उपयोगी आहे: आर वाचलं की गुंठा समजावं, चूक शंभराला एक. सातबाऱ्यावर शून्य हेक्टर एक्क्याऐंशी आर दिसलं तर ते दोन एकर. गोव्यात पोर्तुगीज राजवट मेट्रिकची असल्यामुळे तिथं जमिनीचा भाव आजही चौरस मीटरवर बोलतात. सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आलं की गुंठा सुरू होतो.

वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. फ्लॅटचा करारनामा चौरस मीटरमध्ये असतो आणि बोलणी चौरस फुटात; गुणायचं १०.७६४ नं. खरं तर २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे भाव सांगतानाही मेट्रिकच वापरायला हवं. पण जिथं खरेदी आयुष्यात एकदा होते तिथं जुनं माप टिकतं, आणि जिथं ती रोज होते तिथं ते लवकर मरतं, असं मला दिसतं.

याला मोठा अपवाद कापसाचा. शेतकरी कापूस विकतो तो क्विंटलवर. जिनिंगमधून सरकी वेगळी झाली की उरते ती रुई, आणि तिचा भाव बाजारात अजूनही खंडीवर बोलतात. ही खंडी ३५५.६२ किलोची. असा आकडा कुठून आला? मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा. असे २८ मण म्हणजे ७८४ पौंड, तीच कापसाची खंडी. पौंड गेले, मुंबईचा मण गेला, पण खंडी वायद्यापासून वर्तमानपत्रापर्यंत तशीच आहे. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते असं धरलं तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. रुईचा भाव समजा खंडीला ५६,००० रुपये वाचला, तर किलोला सुमारे एकशे साडेसत्तावन्न. चौतीस किलोचे झाले ५,३५५ रुपये. त्यात सरकीचे पैसे मिळवायचे, जिनिंगचा खर्च वजा करायचा, आणि मग समोरचा व्यापारी क्विंटलला काय देतोय ते पाहायचं. यवतमाळकडचे माझे एक शेतकरी स्नेही हे गणित पेरणीआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतात. वर ठळक अक्षरांत एकच आकडा असतो, ३५५.६२.